वीस मिनिटं गप्प बसायला शिकवणारा कोर्स

अकरा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्यातली बहुतेक बॅकएंडवर, म्हणजे स्क्रीनच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागावर. डेटाबेस, एपीआय, रात्री चालणारे जॉब यात माझा हात बसलेला आहे. पण आमची टीम पाच जणांची आणि डिझायनर कुणीच नाही, त्यामुळे स्क्रीनही आम्हीच बनवतो. गोदामातल्या मालाची आवक-जावक नोंदवायचं एक वेब ॲप्लिकेशन चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यावर दर महिन्याला "स्क्रीन कळत नाही", "गोंधळ होतो" अशी तीन-चार तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, यायची आणि ती बंद कशी करायची हे मला खरंच उमगत नव्हतं. बग असेल तर तो शोधता येतो, दुरुस्त करता येतो, त्यावर टेस्ट लिहिता येते. "गोंधळ होतो" यावर टेस्ट कशी लिहायची?

म्हणून मी डेव्हलपर लोकांसाठी असलेला युजेबिलिटी (वापरायला सोपं असणं) आणि वेब ॲप्लिकेशन डिझाइनचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. आठवड्याला दोन-दोन तासांची दोन सत्रं, शिवाय गृहपाठ. आमच्या बॅचला चौदा जण होते, त्यातले अकरा रोज कोड लिहिणारे. कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि एका बॅचच्या अनुभवावरून कुणावर शिक्का मारणं मला पटत नाही. असा कोर्स घेण्याच्या विचारात कुणी असेल तर काय बघून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्याच सत्रात शिकवणाऱ्या मॅडमनी आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकातली युजेबिलिटीची व्याख्या समोर ठेवली. ठरावीक लोक, ठरावीक काम, ठरावीक परिस्थिती. त्यात काम पुरं होतं का, किती कष्टांत होतं आणि करणारा समाधानी आहे का. 'ठरावीक' या शब्दावर त्या बराच वेळ थांबल्या. तोवर मी सहकाऱ्यांचा कोड तपासताना, कोड रिव्ह्यूमध्ये, "ही स्क्रीन बरी दिसते" असं बिनधास्त लिहीत असे. कुणासाठी बरी, कुठलं काम करताना बरी, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थच नाही, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं.

मग आले युजेबिलिटीतले तज्ज्ञ जेकब नील्सन यांचे चांगल्या स्क्रीनसाठीचे १९९४ सालचे दहा निकष. ते इंटरनेटवर कुठेही वाचायला मिळतात. मीही पूर्वी वाचले होते, पटलेही होते आणि दुसऱ्या दिवशी विसरलेही होते. इथे फरक असा की प्रत्येक निकष आपल्याच ॲप्लिकेशनवर लावून बघायचा गृहपाठ होता: तो कुठे मोडलाय अशा तीन जागा शोधा, स्क्रीनशॉट काढा, आणि त्या क्षणी वापरणाऱ्याची नजर कुठे असेल ते बोटाने दाखवा. शिकायला बसलेल्या डेव्हलपरसाठी ही पद्धत फार चांगली आहे. दुसऱ्याच्या स्क्रीनमधल्या चुका काढणं सोपं असतं. स्वतःच्या स्क्रीनकडे तसं बघायला कुणीतरी लावावं लागतं.

पहिला निकष सिस्टिमची अवस्था दिसत राहण्याचा. तो शिकवताना मॅडमनी थ्री माइल आयलंडची गोष्ट सांगितली. २८ मार्च १९७९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं अणुवीज केंद्र. दाब कमी करायला उघडलेली एक झडप पुन्हा बंद व्हायला हवी होती, ती उघडीच अडकली. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझला, जणू झडप बंद झाली. कारण तो दिवा झडप कुठल्या स्थितीत आहे हे दाखवतच नव्हता; तिला बंद होण्याचा विद्युत संदेश गेला की नाही, एवढंच दाखवत होता. तिथल्या ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून जास्त वेळ त्या झडपेतून पाणी बाहेर जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. एवढं सांगून मॅडमनी विचारलं, "तुमच्या स्क्रीनवरचं 'जतन झालं' नेमकं काय सांगतं?"

त्या रात्री मी कोड उघडून बसले. सहा ठिकाणी "जतन झालं" हा मेसेज सर्व्हरचं उत्तर यायच्या आधी, रिक्वेस्ट निघताक्षणी दाखवला जात होता. ते मीच लिहिलं होतं, ॲप्लिकेशन चपळ वाटावं म्हणून. पुढच्याच सत्रात प्रतिसादाच्या वेळेचे आकडे आले. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. आमचा सर्व्हर साधारण ४०० मिलिसेकंदांत उत्तर देतो. म्हणजे त्या खोट्या चपळाईची मुळात गरजच नव्हती. सहाही जागा मी त्याच आठवड्यात बदलल्या.

पण या कोर्सबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते चौथ्या आठवड्याचं आहे.

त्या आठवड्याचा गृहपाठ एका ओळीचा होता. आपलं ॲप्लिकेशन रोज वापरणारा एक खरा माणूस घ्या, त्याला तीन कामं द्या, आणि वीस मिनिटं त्याच्या मागे बसून काहीही न सांगता बघा. त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायचं. त्याने "आता काय करू?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. "आवडलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. कामंसुद्धा जपून लिहायची. मी आधी "आवक मेनूमध्ये जाऊन नवी नोंद करा" असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं. मेनूचं नाव कामातच सांगितलं, तर मेनू सापडतो की नाही हे कळणार कसं? त्याऐवजी लिहायचं, "हे चलन आलंय, माल आत घ्या."

ऐकायला हे अगदी साधं वाटतं. वर्गात जोड्या करून सराव झाला तेव्हा चौदापैकी एकालाही पाच मिनिटं गप्प राहता आलं नाही. कुणी खाकरलं, कुणी "वरती बघा ना" म्हणालं, कुणी समोरच्याच्या हातातला माउसच घेतला. आम्ही दिवसभर अडचण दिसली की सोडवणारी माणसं आहोत. समोर कुणी अडकलेला असताना हात आवरणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते सरावानेच येतं. यासाठी मॅडमनी पूर्ण दोन तास दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी बसले ते आवक विभागातल्या एका काकांच्या मागे. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं राहिली आहेत. "काका, परीक्षा तुमची नाही, स्क्रीनची आहे. रोज जसं करता तसंच करा," असं सांगून मी खुर्ची मागे ओढली.

कीबोर्डच्या डाव्या हाताला चलन. मॉनिटरखाली कागदाची एक घडी, तिच्यावर पेनाने लिहिलेले कोड. काकांनी घडी उघडली, पुरवठादाराचा कोड बघून टाकला. मग मालाचा कोड, पुन्हा घडी बघून. मग संख्येच्या रकान्यात १२०. जतन करायचं बटण खाली होतं, ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी माउसचं चाक फिरवलं. आणि १२० चे ११७ झाले.

मला ते स्पष्ट दिसलं. काकांना नाही दिसलं, कारण त्यांची नजर बटण शोधत होती. तो रकाना मी नंबर प्रकारचा ठेवला होता. काही ब्राउझरमध्ये अशा रकान्यात कर्सर असताना चाक फिरवलं की पान सरकण्याऐवजी आतला आकडा एकेकाने बदलतो. हे मला पुस्तकी माहीत होतं. ते आपल्या गोदामात, आपल्या माणसाच्या हातून, रोज घडत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. तोंडापर्यंत आलेलं "काका, थांबा" मी गिळलं.

त्यांनी बटण दाबलं. वर उजव्या कोपऱ्यात हिरवी पट्टी आली आणि तीन सेकंदांनी गेली. तेवढ्यात काका चलनावर पेनाने बरोबरची खूण करत होते. मान वर केली तेव्हा स्क्रीन होती तशीच, फॉर्म भरलेलाच. "गेलं की नाही कोण जाणे," असं म्हणून त्यांनी बटण पुन्हा दाबलं. एका चलनाच्या दोन नोंदी, दोन्ही चुकीच्या.

वीस मिनिटं संपल्यावर मी विचारलं, "काका, असं दोनदा दाबायला लागतं का रोज?" ते म्हणाले, "नाही गेलं तर माल अडकतो ना. दोनदा गेलं तर काही बिघडत नाही, सकाळपर्यंत आपोआप नीट होतं."

आपोआप काहीच होत नव्हतं. ती माझी स्क्रिप्ट होती. दोन वर्षांपूर्वी डेटाबेसमध्ये दुहेरी नोंदी दिसायला लागल्या तेव्हा मी रात्री चालणारी एक स्क्रिप्ट लिहिली: तेच चलन, तोच माल, तीच संख्या, दोन मिनिटांच्या आतलं अंतर, तर एक नोंद काढून टाक. लॉगमध्ये रोज तीस-चाळीस नोंदी निघायच्या आणि मला वाटायचं काम चोख चाललंय. माणसं बटण दोनदा का दाबतात हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता. आणि काका त्या स्क्रिप्टवर विसंबून दोनदा दाबायला शिकले होते. माझ्या उपायामुळे मूळ दुखणं दिसेनासं झालं होतं आणि ११७ चा आकडा मात्र तसाच साठ्यात बसत होता. महिन्याच्या मोजणीत लागणारा फरक आम्ही कायम गोदामाच्या हलगर्जीपणावर टाकत आलो होतो. त्याबद्दल मी नंतर गोदामाच्या टीमची माफी मागितली.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. संख्येचा रकाना साध्या मजकुराचा केला आणि मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून त्याला इनपुटमोड ही सेटिंग लावली. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिम, म्हणजे स्क्रीन कशा बनवाव्यात याची नियमावली, सगळ्यांना खुली आहे, तिच्यातही हेच सुचवलंय. मॅडमनी ती आम्हाला दाखवली आणि मी आजही फॉर्मचं काही अडलं की आधी तिथे बघते. "जतन झालं" आता बटणाच्या शेजारीच येतं, सोबत नोंद क्रमांक असतो आणि पुढचं काम सुरू होईपर्यंत तिथेच राहतं. फॉर्म रिकामा होतो, खाली शेवटच्या पाच नोंदी दिसतात. सर्व्हरवर प्रत्येक फॉर्मला एक वेगळी की, म्हणजे ओळख क्रमांक, दिली, म्हणजे तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी नोंद एकच. रात्रीची स्क्रिप्ट मी अजून बंद केलेली नाही. लॉग रोज सकाळी बघते. गेल्या तीन आठवड्यांत तिने एकूण दोन नोंदी काढल्या.

पाच माणसांच्या चाचणीबद्दलही कोर्समध्ये नीट सांगितलं. नील्सन आणि लँडावर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसून जातात. मॅडमनी लगेच बजावलं की ३१ हा सरासरीचा आकडा आहे, आपल्या ॲप्लिकेशनला तो लागू पडेलच असं नाही. आणि आवक नोंदवणारे पाच जण बघितले म्हणजे रिपोर्ट काढणारे सुपरवायझर बघितले असं होत नाही. पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या, मधे दुरुस्ती करा, हा सल्ला मी तंतोतंत पाळला. तिसऱ्या माणसापासून तेच तेच दिसायला लागलं हा माझाही अनुभव.

जॉन ब्रुक यांची १९८६ सालची दहा विधानांची प्रश्नावलीही वापरायला दिली, जिला सगळे एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) म्हणतात. तिचा निकाल ० ते १०० मध्ये येतो, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपास सरासरी मानतात. आमचा आकडा ५१.५ होता, दुरुस्त्यांनंतर ७४ झाला. पाच माणसांच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, हे मान्य. तरीही मॅनेजरसमोर पुढच्या फेरीसाठी वेळ मागताना तो उपयोगी पडला.

आता तक्रारी.

पाचवा आणि सहावा आठवडा, म्हणजे जवळपास चारही सत्रं, स्क्रीनचे आराखडे काढायच्या फिग्मा या टूलवर गेली. टूल उत्तम आहे, पण फ्रेम कशा लावायच्या आणि कॉम्पोनंट कसे बनवायचे हे घरी बसून शिकता येतं. त्याच काळात कागदी प्रोटोटाइपला, म्हणजे कागदावर मांडलेल्या नमुना स्क्रीनला, मिळाला फक्त अर्धा तास, आणि मला त्यातूनच जास्त मिळालं. नंतर मी तो प्रकार ऑफिसात केला. कागदाचे तुकडे कापून स्क्रीन मांडली, काका बोटाने "दाबायचे" आणि माझा सहकारी कॉम्प्युटर होऊन पुढचा कागद ठेवायचा. चाळीस मिनिटांत रकान्यांचा क्रम सहा वेळा बदलला. कोडमध्ये हेच करायचं असतं तर दुसऱ्या बदलाला मीच वाद घालायला उभी राहिले असते, कारण लिहिलेल्या कोडवर जीव जडतो. कागदाच्या तुकड्यावर कुणाचा जडत नाही.

दुसरी तक्रार उदाहरणांची. खरेदीची टोपली, तिकीट बुकिंग, हॉटेलचा शोध, सगळं वर्षातून चार वेळा वापरायचं. आमच्यासारख्यांची ॲप्लिकेशन दिवसातून तीनशे वेळा वापरली जातात. तिथे चाळीस रकान्यांचं टेबल असतं, एकदम पन्नास ओळी बदलायच्या असतात, हात कीबोर्डवरून उचलायचा नसतो. "स्क्रीनवर कमी ठेवा" हा सल्ला तिथे जसाच्या तसा चालत नाही. सरावलेल्या माणसाला जवळची वाट द्या, हा नील्सन यांचा सातवा निकष नेमका याच कामाचा. तो पंधरा मिनिटांत उरकला.

एका पाहुण्या वक्त्यांनी मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत असं ठासून सांगितलं आणि आधार दिला मानसशास्त्रज्ञ मिलर यांच्या १९५६ च्या शोधनिबंधाचा, ज्याच्या नावातच सात हा आकडा आहे. तो निबंध माणसाच्या तात्पुरत्या स्मरणाबद्दल आणि पारखण्याच्या क्षमतेबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, लक्षात ठेवायचाच नसतो. मी पुढच्या सत्रात हे विचारलं आणि मॅडमनी सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. शिकवणारा असं मोकळेपणी सांगतो तेव्हा बाकीच्या शिकवण्यावरचा विश्वास वाढतो.

सगळ्यात मोठी तक्रार ही की ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंग व्यक्तींसह सगळ्यांना वापरता येण्याला, सातव्या आठवड्यात एकच सत्र होतं. ते पहिल्या आठवड्यात हवं. ते सत्र स्वतः अप्रतिम झालं: माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कीवर आपलं एक काम पुरं करून दाखवा. मी दुसऱ्याच रकान्यावर अडकले. डिव्ह (एचटीएमएलचे साधे चौकोन) जोडून बनवलेल्या माझ्या ड्रॉपडाउनवर टॅबने फोकस, म्हणजे कर्सर, जातच नव्हता. तो काढून ब्राउझरचा साधा सिलेक्ट लावला, १८० ओळी कमी झाल्या. मग रंग तपासले. सूचनांसाठी वापरलेला ९९९ या कोडचा राखाडी रंग पांढऱ्यावर २.८५ एवढाच कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) देतो. डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांची अट साध्या मजकुराला ४.५ ची आहे. ७७७ सुद्धा ४.४८ वर थोडक्यात नापास होतो, ७६७६७६ पास होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या तिच्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेलची अट आहे, काही अपवाद सोडून. आमचं 'काढून टाका'चं चिन्ह १६ चं होतं आणि शेजारी चिकटूनच 'बदल करा'. हे सगळं चौथ्या आठवड्याआधी माहीत असतं तर काकांसमोर बसण्यापूर्वी अर्ध्या चुका मीच काढल्या असत्या.

गृहपाठावरचे शेरे दहा-बारा दिवसांनी यायचे. तोवर विषय पुढे गेलेला असे. हे संस्थेने सुधारायलाच हवं.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार देईन, आणि त्यातले तीन एकट्या चौथ्या आठवड्याचे. डिझायनर सोबत असलेल्या फ्रंटएंडवाल्यांना, म्हणजे स्क्रीनचा कोड लिहिणाऱ्यांना, अर्धा कोर्स माहितीचा वाटेल. माझ्यासारखी डिझायनरविना स्क्रीन बनवणारी माणसं असतील तर घ्या, पण आधी तीन गोष्टी विचारून घ्या: खऱ्या वापरणाऱ्यासमोर बसायला लावतात का आणि कितव्या आठवड्यात, गृहपाठ आपल्याच कामावर करता येतो का, आणि टूल शिकवण्यात किती सत्रं जातात. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर बाकीचं विचारूच नका.

काकांच्या मॉनिटरखालची ती कागदाची घडी मी मागून घेतली आणि फोटो काढून परत दिली. तिच्यावर तेवीस कोड आहेत. आमच्या स्क्रीनवर शोध फक्त कोडने होतो, नावाने होत नाही, म्हणून त्यांना ती घडी लागते. नावाने शोधायची सोय आता तयार आहे. येत्या गुरुवारी काका पुन्हा बसणार आहेत. घडी नेहमीच्या जागीच राहू द्या, असं त्यांना सांगून ठेवलंय. ती किती वेळा उघडतात, ते मी मागे बसून मोजणार आहे.